पंधरा तारखेची रात्र कोणती?

विद्यार्थी मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. पंधरा तारखेची रात्र कोणती? चौदा तारीख मावळल्यावर येते ती, की पंधरा तारीख मावळल्यावर येते ती? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी आमच्या रोहण्यात घडलेली एक हकीकत ऐका.

एका वर्षी मे महिन्यात आमच्या गावातील एका मुलाची पुण्याला प्रवेशासाठी मुलाखत होती. तारीख १६, वेळ दुपारी चारची. पुण्यात मुक्कामाचा खर्च नको, म्हणून घरच्यांनी आदल्या रात्री निघून दुपारपर्यंत पोचण्याचा बेत केला. तिकिटावर तारीख होती १५ मे आणि वर्ध्याहून गाडी सुटण्याची वेळ होती ०.२५. मंडळी १५ तारखेला जेवणखाण उरकून रोहण्याहून निघाली आणि रात्री साडेअकराला वर्ध्याच्या फलाटावर येऊन बसली. गाडी वेळेवर आली. पण डब्यात त्यांच्या जागांवर दुसरेच प्रवासी झोपलेले! तिकीट तपासनिसाने तिकीट दिव्यापाशी धरून पाहिले आणि सांगितले, "तुमची गाडी काल रात्रीच गेली." मुलाखत हुकली. मुलाचे वर्ष वाया गेले.

पुढे दोन दिवसांनी मुलाचे आजोबा ते तिकीट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पंधराची रात म्हंजे पंधरा तारीख बुडाल्यावरची रात ना जी? मंग आमचं चुकलं कुठं?"

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पृथ्वीच्या परिभ्रमणाची आणि परिवलनाची आकृती मी फळ्यावर शेकडो वेळा काढली आहे. पण आजोबांना काय उत्तर द्यावे हे मला चटकन सुचले नाही. तिकीट बरोबर होते, त्यात कोणाची चूक नव्हती. आजोबांचा हिशेबही त्यांच्या परीने बरोबर होता. दोघांचा 'दिवस' मात्र वेगवेगळ्या क्षणी सुरू होत होता, आणि हे दोघांपैकी कोणीच कोणाला सांगितले नव्हते.

मग माझ्या मनात एक चमत्कारिक विचार आला. हे कुटुंब रोहण्याऐवजी शंभर वर्षांपूर्वीच्या अलिबागचे, बेने इस्राएल समाजाचे असते, तर गाडी चुकली नसती!

शनिवार तेल्यांचा दिवस

बेने इस्राएल हे कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, पिढ्यान् पिढ्या राहिलेले मराठी भाषक यहुदी. नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. आडनावे गावांवरून पडलेली: किहीमकर, पेणकर, दिवेकर. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत उभारलेले प्रार्थनामंदिर प्रसिद्ध आहे, आणि अलिबागेत आजही 'इस्राएल आळी' आहे. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यातले बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले, पण जाताना मराठी बरोबर घेऊन गेले.

कोकणात या समाजाचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव ठेवले 'शनिवार तेली'. आता या नावातली मौज पाहा. यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडल्यावर संपतो. म्हणजे घाणा थांबायचा शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी रात्री विसावा संपलेला असायचा. घाणा चालवणारा आणि तेल विकत घेणारा एकाच गल्लीत राहत, एकच भाषा बोलत, एकाच सूर्याकडे पाहत. पण एकाचा शनिवार दिवेलागणीला सुरू होई आणि दुसऱ्याचा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.

अशा हिशेबाने १४ तारखेचा सूर्य मावळला की १५ तारीख लागली. त्यानंतर मध्यरात्री ०.२५ ला सुटणारी गाडी ही अर्थातच 'पंधरा तारखेच्या रात्री'ची गाडी. कुटुंब १४ तारखेच्या संध्याकाळीच निघाले असते!

इतके लांब जायलाही नको. आपले मुसलमान शेजारी गुरुवारला 'जुमेरात' म्हणतात. जुमा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या आधी येते, हे या एका शब्दात साठवलेले आहे. रमजानचा चंद्र दिसला की त्याच रात्री महिना सुरू होतो, पहिला रोजा त्यानंतरच्या पहाटेपासून.

या दोन्ही समाजांत दिवस संध्याकाळीच का सुरू व्हावा? माझ्या मते याचे एक सयुक्तिक कारण आकाशात सापडते. ज्यांचा महिना चंद्रकोर डोळ्यांनी पाहून ठरत असे, त्यांना ती कोर कधी दिसणार? अमावास्येनंतरची पहिली कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडा वेळ दिसते आणि मावळते. महिना संध्याकाळी सुरू होत असेल, तर त्याची पहिली तारीखही संध्याकाळीच सुरू होणे सोयीचे.

एकाच ग्रंथात दोन हिशेब

आता कोणी म्हणेल, "त्यांच्या धर्मग्रंथातच तसे लिहिले आहे, मग प्रश्न मिटला." पण प्रश्न मिटत नाही, आणि म्हणूनच मला तो आवडतो.

हिब्रू धर्मग्रंथाच्या आरंभी, उत्पत्तीच्या पुस्तकात, सृष्टी निर्माण होण्याचे वर्णन आहे. तेथे प्रत्येक दिवसाच्या शेवटी आधी संध्याकाळचा आणि मग सकाळचा उल्लेख येतो. यावरून बहुतेकांनी अर्थ काढला की दिवस संध्याकाळी सुरू होतो. लेवीय या पुस्तकात प्रायश्चित्ताच्या उपवासाचा नियम आहे. कोकणातले बेने इस्राएल याच सणाला 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी ते दारे लावून घरात बसत. हा उपवास सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवसाचा, आणि तो संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळायचा. येथपर्यंत सारे जुळते. पण तो ज्या संध्याकाळी सुरू करायचा, तिला ग्रंथ 'नवव्या दिवसाची संध्याकाळ' म्हणतो! दिवस संध्याकाळीच बदलत असेल तर तिला दहाव्याची म्हणायला हवे होते, नाही का?

त्याच पुस्तकात बळीच्या मांसाबद्दल असे सांगितले आहे की ते त्याच दिवशी खावे, सकाळपर्यंत उरवू नये. येथे रात्र ही आधी गेलेल्या दिवसाचीच धरली आहे, अगदी आमच्या आजोबांसारखी. पुढच्या यहुदी पंडितांनीही मान्य केले की मंदिरातल्या बळींच्या बाबतीत रात्र दिवसामागून येते, इतर बाबतींत दिवसाआधी.

बाराव्या शतकात फ्रान्समधील शमुएल बेन मेईर या भाष्यकाराने उत्पत्तीच्या त्या वाक्यांचा सरळ अर्थ वेगळा लावला. प्रथम उजेड झाला, मग संध्याकाळ झाली, मग पहाट झाली आणि तेव्हा एक दिवस पुरा झाला. म्हणजे दिवस सकाळपासून सकाळपर्यंत! शब्बाथचा आचार त्याने बदलला नाही, फक्त वाक्याचा अर्थ सांगितला. पण अशा अर्थाने लोक शब्बाथ मोडतील या भीतीने अब्राहाम इब्न एझ्रा या विद्वानाने ११५८ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्याविरुद्ध एक स्वतंत्र पत्रग्रंथ लिहिला. इब्न एझ्रा हा स्वतः गणिती आणि ज्योतिषी होता.

शब्द तेच, वाचणारे दोघेही श्रद्धावान आणि बुद्धिमान, आणि दिवसाचे आरंभ मात्र दोन.

निसर्ग काय सांगतो?

मग निसर्गाला विचारू. विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आपला तोच शेवटचा न्यायाधीश.

निसर्ग सांगतो की पृथ्वी फिरते. पण फिरणाऱ्या चाकाला आरंभ कोठे असतो? बैलगाडीच्या चाकावर चुन्याने एक खूण करा. खूण जमिनीला टेकली की एक फेरा झाला, असे मोजता येईल, आणि ती वर आली की एक फेरा झाला असेही मोजता येईल. फेऱ्यांची संख्या तीच येणार. खूण चाकाने केलेली नाही, आपण केलेली आहे.

सूर्यास्त ही खूण घ्या. ती डोळ्यांना दिसते, घड्याळ लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण बारकाईने पाहू लागलो की अडचणी येतात. वातावरणामुळे प्रकाशकिरण वाकतात. क्षितिजापाशी हा वाक सुमारे ३४ कला असतो, आणि सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कला. म्हणजे बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा सबंध सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो! आपण पाहतो ती त्याची वर उचललेली प्रतिमा.

बरे, सूर्य गेला म्हणजे रात्र झाली का? तसेही नाही. वर्ध्याच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर साधारण २२ ते २४ मिनिटे चांगला संधिप्रकाश असतो, आणि पूर्ण काळोख व्हायला सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. यहुदी पंडितांनी ही अडचण फार पूर्वीच ओळखली होती. त्यांच्या तालमूद ग्रंथातला नियम मजेदार आहे: एक तारा दिसला तर अजून दिवस, दोन दिसले तर संधिकाळ, तीन दिसले तर रात्र. मधला संधिकाळ ना धड दिवस ना धड रात्र, म्हणून सावधगिरी अशी की शब्बाथ सूर्यास्ताआधीच सुरू करावा आणि तारे दिसल्यावर संपवावा. संशयाची जागा दोन्ही बाजूंनी सोडून द्यायची. प्रयोगशाळेत आपण मोजमापातल्या संभाव्य त्रुटीला असेच वागवतो.

आणखी एक गोष्ट. सूर्यास्त ते सूर्यास्त हा काळ रोज २४ तासांचा नसतो. आपल्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या सुमारास. सप्टेंबरात सूर्यास्त रोज जवळजवळ एक मिनिट अलीकडे येतो, म्हणजे तो 'दिवस' तेवढा आखूड. सूर्योदयापासून मोजले तरी अशीच लांबी बदलते. आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे तर उन्हाळ्यात कित्येक दिवस सूर्य मावळतच नाही. तेथे राहणाऱ्या यहुदी आणि मुसलमान लोकांना घड्याळाचा किंवा दुसऱ्या ठिकाणच्या सूर्यास्ताचा आधार घ्यावा लागतो. खूण निसर्गाचीच, पण ती सर्वत्र उपलब्ध नाही.

सजीवसृष्टीकडे तरी एकमत आहे का? परसातल्या मांडवाकडे जा. कोहळ्याची पिवळी फुले पहाटे उमलतात. त्याच कुळातल्या दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. एकच माती, एकच पाणी, एकच कुळ. कोहळ्याच्या फुलाचा दिवस मधमाशीबरोबर सुरू होतो, दोडक्याचा पतंगाबरोबर. यातला नैसर्गिक कोणता?

आपल्याच घरातले मतभेद

"आमचा सूर्योदयाचा दिवस शास्त्रीय, मध्यरात्रीचा दिवस साहेबाने लादलेला," असे विधान तुम्ही सभांतून ऐकले असेल. माझ्या मते हे विधान आपल्याच ज्योतिषशास्त्राच्या अज्ञानातून येते.

पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो हे खरे. पण सणांचे पाहा. गणेशचतुर्थीला माध्यान्हीची तिथी धरतात, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची, संकष्टीला चंद्रोदयाची, जन्माष्टमीला मध्यरात्रीची. ज्या कृत्याला जी वेळ महत्त्वाची, ती वेळ धरायची, असा हा शहाणपणाचा व्यवहार आहे.

आणि ज्योतिषी? सहाव्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिका' या ग्रंथात हेच मतभेद नोंदवून ठेवले आहेत. लाटाचार्य यवनपुराच्या सूर्यास्तापासून दिवस मोजतो, सिंहाचार्य लंकेच्या सूर्योदयापासून, आणि आर्यभट एकदा लंकेच्या मध्यरात्रीपासून तर एकदा सूर्योदयापासून! आपल्या परंपरेत 'औदयिक' आणि 'आर्धरात्रिक' असे दोन पक्षच होते, आणि सूर्यसिद्धांतातले गणित मध्यरात्रीपासून चालते. म्हणजे साहेबाच्या कितीतरी शतके आधी मध्यरात्र आपल्याकडे होती, आणि सूर्यास्तही होता.

युरोपातील खगोलशास्त्रज्ञांची तर तिसरीच तऱ्हा. ते दिवस माध्यान्हीला सुरू करीत, कारण त्यांचे काम रात्रीचे. एका रात्रीच्या निरीक्षणांच्या मध्ये तारीख बदलू नये, हा हेतू. ही पद्धत त्यांनी १९२५ मध्ये सोडली, पण खगोलशास्त्रात वापरली जाणारी 'ज्युलियन दिनसंख्या' आजही माध्यान्हीलाच बदलते. इतर सर्वांनी उलट कारणासाठी मध्यरात्र निवडली. दिवसाढवळ्या बाजार, कचेरी, शाळा चालू असताना तारीख बदलू नये, म्हणून.

स्वतंत्र भारताने काय ठरवले? मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशासाठी एकच दिनदर्शिका सुचवली आणि ती २२ मार्च १९५७, म्हणजे चैत्र १, शके १८७९ पासून अमलात आली. समितीचा सल्ला असा होता की नागरी व्यवहारासाठी दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजावा आणि धार्मिक कृत्यांसाठी सूर्योदयाची रीत चालू ठेवावी. मध्यरात्रही कोणती? तर ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरची. आपले रोहणे त्याच्या चार अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहे. म्हणून येथला सूर्य घड्याळाच्या सरासरी १६ ते १७ मिनिटे मागे असतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेचा आणि आसाच्या कलण्याचा परिणाम मिळवला, की आपली खरी माध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्या ठोक्याला, तर फेब्रुवारीच्या मध्याला साडेबाराच्या सुमारास येते. घड्याळातली मध्यरात्रही तशीच सरकलेली. तिची खूण रोहण्याच्या आकाशात कोठेही नाही. ती आपण सर्वांनी मिळून मान्य केलेली खूण आहे.

मग खरे कोणाचे?

माझे मत स्पष्ट सांगतो. दिवस किती लांबीचा, हे निसर्ग सांगतो. तो कोठून मोजायचा, हे माणूस ठरवतो. पहिला प्रश्न निरीक्षणाचा आहे, दुसरा कराराचा. पहिल्यात चूक-बरोबर असते. दुसऱ्यात सोयीचे-गैरसोयीचे असते, आणि करार पाळणे-न पाळणे असते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की दोन प्रकारचे अडाणीपण जन्माला येते. एकजण म्हणतो, "माझाच दिवस निसर्गाचा, तुमचा खोटा." दुसरा, थोडे विज्ञान शिकलेला, म्हणतो, "मध्यरात्र सोडून बाकी सगळी अंधश्रद्धा." दोघेही कराराला निसर्गनियम समजतात.

पण करार आहे म्हणून तो हलक्याने घ्यावा, असेही नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणे हाही करारच आहे. तो विसरला की काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. आजोबांच्या नातवाचे एक वर्ष अशाच न सांगितलेल्या करारापायी गेले.

हे केवळ गाडीपुरते नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचा जन्म रात्री दोन वाजताचा. घरच्यांनी शाळेत आदल्या दिवसाची तारीख सांगितली, कारण अजून उजाडले नव्हते. जन्मनोंदीत मात्र नियमाप्रमाणे पुढची तारीख. एका दिवसाच्या या फरकापायी त्याला दाखल्यांसाठी कित्येक महिने खेटे घालावे लागले. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. पहिलीत नाव घालताना पालकांना फक्त तारीख विचारू नका. "जन्म रात्रीचा असेल तर बाराच्या आधीचा की नंतरचा?" एवढे एक वाक्य अधिक विचारा. आणि वर्गात 'दिवस' ही संज्ञा शिकवताना हा चार खुणांचा गोंधळ मुलांसमोर मांडा. संज्ञा आधी ठरवायची आणि मग मोजायचे, हा धडा त्यातून जितका पक्का होईल तितका व्याख्या पाठ करून होणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या अखेरपर्यंत रोज एकाच जागेवरून सूर्य मावळल्याची वेळ वहीत टिपा. सूर्याकडे टक लावून पाहू नका, शेवटची कड नाहीशी होते तेवढाच क्षण टिपा. मग पहिले तीन तारे दिसण्याची वेळ लिहा. ग्रह ओळखता येत असतील तर ते वगळा. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेचा, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्या दिवशी पडतो का, ते तुमची वहीच तुम्हांला सांगेल. आणि शेजारच्या दोन मित्रांच्या वह्यांत तिसऱ्या ताऱ्याची वेळ सारखी येते का, तेही पाहा.

आजोबांना मी शेवटी काय सांगितले? म्हणालो, "आजोबा, तुमचं चुकलं नाही आणि तिकिटाचंही चुकलं नाही. तुमचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो, रेल्वेचा मध्यरात्री."

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग पोरायले शाळेत हे सांगत जा ना जी."

तेच येथे सांगितले.